जुन्या ४८६ मधली १३० एमबीची हार्ड डिस्क आणि जिस्ट कार्ड: चालू कसं करायचं?

माणदेशी_मेघा

नमस्कार मंडळी. धागा मोठा होईल, पण मदत हवी आहे.

आमचे अण्णा कृषी खात्यातून निवृत्त झालेत. जून १९९३ पासून पुढची सात वर्षं त्यांनी आमच्या गावातल्या (माण तालुका, जि. सातारा) ११ विहिरींची पाण्याची खोली दर पंधरवड्याला मोजली. सायकलवर दोरी बांधून जायचे आणि आल्यावर त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवर नोंद करायचे. मशीन ४८६ (नव्वदच्या दशकातला पीसी), त्यावर डॉस आणि नोंदी ठेवायचा प्रोग्राम डीबेस. शेरे मराठीत लिहायचे म्हणून पुण्याहून सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड, म्हणजे पडद्यावर देवनागरी उमटवणारं कार्ड, आणून बसवलं होतं.

आता गावात पाणलोटाचं काम करणारी मुलं ते आकडे मागतायत. वहीत फक्त पहिली दोन वर्षं आहेत, बाकी सगळं त्या डब्यात. माळ्यावरून काढून, पुसून परवा चालू केला. पंखा फिरतो, मेमरी मोजतो, मग सीमॉस चेकसम एरर येते आणि हार्ड डिस्क सापडत नाही म्हणतो.

मला विचारायचंय ते असं: डिस्क वाचायची कशी? वाचायला ते जिस्ट कार्ड लागेल का? आणि तालुक्यातला एक दुकानदार म्हणतो, "डबा ठेवून जा, काढून देतो." देऊ का?

खटपट्या

सोपं आहे. यूएसबी ते आयडीई (जुन्या डिस्कची जोडणी) अ‍ॅडॉप्टर मागवा. डिस्क बाहेर काढा, लॅपटॉपला लावा, फायली कॉपी करा. अर्ध्या तासाचं काम.

पिन_नंबर_एक

मेघाताई, आधी तो डबा बंद करा आणि बंदच ठेवा. दुकानदाराकडे देऊ नका. त्याच्या मनात वाईट असेल असं नाही, पण "बघू, चालते का" म्हणून कुणी फॉरमॅट मारला तर सात वर्षं गेली. मी १९९१ पासून हार्डवेअर दुरुस्तीत होतो, असं झालेलं दोनदा पाहिलंय.

तुमची डिस्क मेली असेलच असं नाही. त्या काळच्या मशीनला डिस्कची मापं, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर, सेटअपमध्ये हाताने भरून द्यावी लागत. ती मापं सीमॉस नावाच्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मेमरीत राहतात. बॅटरी संपली की मशीन डिस्कला विसरतं. तुमची चेकसम एरर तेच सांगतेय.

आता झाकण उघडून फक्त फोटो काढा, काही उपसू नका. मला चार गोष्टी दिसायला हव्यात. मदरबोर्डवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळी किंवा हिरवी नळकांडीसारखी बॅटरी आहे का आणि तिच्याभोवती हिरवट बुरशी धरलीय का. डिस्कच्या लेबलवरचा मॉडेल नंबर. डिस्कची चपटी पट्टी कुठे जाते, बोर्डवर की एखाद्या कार्डवर. आणि पट्टीची लाल कड दोन्ही टोकांना कोणत्या बाजूला आहे. लाल कड म्हणजे पिन नंबर एक.

वेण्णाकाठ

लाल कड! कॉलेजच्या लॅबमध्ये आमचे सर एकच वाक्य म्हणायचे, "लाल कड पॉवरच्या बाजूला." बहुतेक डिस्कना ते लागूही पडतं.

आमच्याकडे २० एमबीच्या सीगेट एसटी-२२५ होत्या. अर्ध्या विटेएवढी एकेक डिस्क. मशीन हलवायच्या आधी पार्क कमांड द्यायची, नाहीतर हेड जिथे असेल तिथेच तबकडीवर टेकायचं. लॅबचा शिपाईसुद्धा टेबल सरकवण्याआधी विचारायचा, "पार्क केलं का?"

माणदेशी_मेघा

फोटो टाकलेत. बॅटरी निळी आहे, खाली हिरवट थर आहे, शेजारच्या दोन-तीन बारीक रेघा काळपट दिसतात. डिस्क सीगेट एसटी३१४४ए. पट्टी बोर्डवर जात नाही, एका लांब कार्डवर जाते. त्याच कार्डवर फ्लॉपीची पट्टी आणि प्रिंटरचं सॉकेटही आहे. जिस्ट कार्ड त्याच्या पलीकडच्या स्लॉटमध्ये आहे.

पिन_नंबर_एक

छान फोटो. ते लांब कार्ड म्हणजे मल्टी आय/ओ. ४८६ च्या बऱ्याच बोर्डांवर डिस्कचं सॉकेटच नसायचं. डिस्क, फ्लॉपी, सीरियल, प्रिंटर सगळं त्या एका कार्डवर. माळ्यावरून उतरवताना ते स्लॉटमधून जरा उचललं गेलं असेल तरीही डिस्क सापडणार नाही. बॅटरीचं निस्तरलं की ते एकदा काढून नीट बसवू.

बॅटरी निकेल-कॅडमियमची आहे, फुटली की अल्कली बाहेर येते आणि तांब्याच्या रेघा खाते. ती आजच कापून काढा. मग कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर लावा, फेस थांबेपर्यंत. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. त्याशिवाय वीज नाही.

एसटी३१४४ए ची मापं लिहून ठेवा: १००१ सिलिंडर, १५ हेड, १७ सेक्टर. सेटअपमध्ये टाइप ४७ निवडला की ती भरायला जागा येते. गुणून बघा, १००१ × १५ × १७ म्हणजे २,५५,२५५ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. झाली १३० एमबी.

आणि कोणत्याही कारणाने पॉवर सप्लाय बोर्डपासून सोडवलात तर परत लावताना दोन सॉकेटांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. काळ्याला काळी. उलटं झालं तर बोर्ड त्याच क्षणी जळतो.

आयआरक्यू_पाच

मल्टी आय/ओ कार्डचं नाव काढलंत आणि १९९५ आठवलं! घरी साउंड कार्ड आणलं. आयआरक्यू, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन, ५. बसवलं, वाजलं, घरभर आनंद. मग मोडेम आणला, तो आयआरक्यू ३ वर आणि कार्डवरचा दुसरा सीरियल पोर्टही ३ वर. फोन लागायचा आणि माउस गोठायचा. रात्री दोनपर्यंत भावाने आणि मी जंपरची (पिनांवरच्या छोट्या टोप्यांची) काढ-घाल केली. शेवटी मल्टी आय/ओ वरचा दुसरा सीरियल पोर्टच बंद केला. तो जंपर भावाने अजून पाकिटात ठेवलाय, खरंच.

भिमाशंकर_ट्रेकर

कार्ड काढून बसवताना सोनेरी कडा खोडरबराने घासा. रामबाण उपाय.

पिन_नंबर_एक

खोडरबर नको. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, दर वेळी थोडा जातो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. अल्कोहोल आणि सुती कापड पुरे.

भिमाशंकर_ट्रेकर

काका, तीस वर्षं खोडरबरच वापरतोय, एकही कार्ड मेलं नाही.

वेण्णाकाठ

तुम्हा दोघांची मशीनं चालतायत ना? मग झालं. पण मेघाताई, कार्ड हाताळताना नायलॉनची साडी किंवा लोकरीचा स्वेटर नको, स्थिर विजेचा चटका कार्डाला बसतो. आधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावा.

खटपट्या

इतका घोळ कशाला? मशीन चालू करायचंच कशाला? डिस्क काढा आणि अ‍ॅडॉप्टरला लावा, मी शंभर डिस्क अशा वाचल्यात.

माणदेशी_मेघा

खटपट्या, तुमचं ऐकून धाकट्याने अ‍ॅडॉप्टर मागवला. डिस्क काढली, त्याचीच वीज दिली. डिस्क फिरते, तो आवाज ऐकून अण्णा स्वयंपाकघरातून बाहेर आले! लॅपटॉपवर यूएसबी लागल्याचं दिसतं, पण आकार शून्य. विंडोज विचारतं, "इनिशिअलाइज करू?" आम्ही नाही म्हटलं आणि वायर काढली.

पिन_नंबर_एक

नाही म्हटलंत ते फार बरं केलंत.

खटपट्या यांनी वाचलेल्या शंभर डिस्क बहुधा १९९६ नंतरच्या असतील. त्यांना एलबीए कळतं, म्हणजे प्रत्येक सेक्टरला सरळ ०, १, २, ३ असा क्रमांक. यूएसबी अ‍ॅडॉप्टर त्याच भाषेत मागतो. त्याआधीच्या बऱ्याच डिस्कना "अमुक सिलिंडर, तमुक हेड, इतकावा सेक्टर" असंच सांगावं लागतं. ती भाषा बहुतेक अ‍ॅडॉप्टरना येतच नाही, म्हणून आकार शून्य. डिस्क फिरतेय, म्हणजे ती जिवंत आहे असं धरून चालू.

तुम्हाला हवा बोर्डवरच आयडीई सॉकेट असलेला जुना पेंटियम ४ वगैरे. ओळखीच्या कुणाकडे, शाळेत, सायबर कॅफेच्या अडगळीत नक्की मिळेल. त्याची स्वतःची डिस्क काढून ठेवा. तुमची डिस्क एकटी लावा, जंपर मास्टरवर. काही कंपन्यांच्या डिस्कना एकटीसाठी वेगळी जागा असते, तेव्हा लेबलवरचं चित्र बघा. लिनक्सची लाइव्ह सीडी घाला, लिनक्सला जुनी भाषा अजून येते. जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. फायली उघडायच्या नाहीत, फोल्डर बघायचे नाहीत, आधी इमेज. १३० एमबीच आहे, चहा होईपर्यंत संपेल.

खटपट्या

हे मला माहीत नव्हतं. मेघाताई, मी घाई केली, सॉरी. माझ्याकडे आयडीई सॉकेट असलेला एक चालू बोर्ड आहे, पुण्यात. हवा असेल तर एसटीने पाठवतो.

कोरडवाहू

एक विचारू? आकडे तर इंग्रजी अंकांत असतील, कोणत्याही प्रोग्रामात दिसतील. मग जिस्ट, मराठी शेरे याच्या मागे का लागायचं? पाण्याची खोली मिळाली की काम झालं.

खिळेजुळारी

जिस्टचं नाव वाचून लॉगिन केलं, दोन वर्षांनी.

आज फोनवर मराठी उमटतं त्याचं काही वाटत नाही. त्या वेळी डॉसच्या पडद्यावर देवनागरी यायची तर वेगळं कार्ड बसवावं लागे. जिस्टचं मूळ काम आयआयटी कानपूरचं, मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखालचं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि पुढे ते तिथे वाढलं. कार्ड बसवलं की वर्डस्टार असो, लोटस असो, डीबेस असो, त्या प्रोग्रामला पत्ताही नसायचा की आपण मराठी लिहितोय. त्याला फक्त आकडे दिसायचे, अक्षर कार्ड काढायचं. जोडाक्षरंसुद्धा! मी एका छापखान्यात होतो. पहिल्यांदा पडद्यावर "ज्ञानेश्वर" नीट उमटलं तेव्हा मालकांनी पेढे वाटले होते.

आता मेघाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. डेटा वाचायला कार्ड लागत नाही. आत जे साठवलंय ते इस्की, भारतीय मानक आयएस १३१९४, १९९१ चं. प्रत्येक अक्षराला एक आकडा. "पाणी" म्हणजे २००, २१८, १९३, २२०. उच्चाराच्या क्रमाने असतं, फाँटप्रमाणे तुकड्यांचं नसतं, म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या फोन-कॉम्प्युटरच्या अक्षरपद्धतीत, नेणं सरळ आहे. युनिकोडचा देवनागरी तक्ताही इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून आला.

एक खाच मात्र आहे. डॉसमध्ये १७६ ते २२३ या आकड्यांवर चौकटीच्या रेघा बसलेल्या. त्यांच्याशी टक्कर नको म्हणून पीसीवर तोच तक्ता सरकवून वापरत, त्याला पीसी-इस्की म्हणत. तुमची फाइल सरळ इस्कीने उघडून कचरा दिसला तर घाबरू नका, तक्ता सरकलेला असेल. अण्णांनी काढलेला एखादा छापील कागद असेल तर जपून ठेवा.

कोरडवाहू, शेऱ्यांचं विचारलंत. मोजणाऱ्या माणसाने शेरा लिहिलाय तर तो कारण असल्याशिवाय लिहिलेला नसतो.

माणदेशी_मेघा

खटपट्यांचा बोर्ड आला! वर्तमानपत्रात गुंडाळून, आत राजगिऱ्याची चिक्की पण होती. मनापासून आभार.

काल रात्री इमेज घेतली. २,५५,२५५ पैकी ९ सेक्टर वाचले नाहीत, बाकी सगळं आलं. इमेजच्या तीन प्रती केल्या. डिस्क गुंडाळून कपाटात ठेवली.

आत विहीर नावाची डीबीएफ फाइल सापडली. लिब्रेऑफिसने लगेच उघडली: विहिरीचा क्रमांक, तारीख, खोली फुटांत. १,८०३ नोंदी. पण शेऱ्याच्या रकान्यात काहीच नाही.

पिन_नंबर_एक

शेरा मेमो, म्हणजे लांब मजकुराच्या, प्रकारचा असणार. डीबेस मेमोचा मजकूर डीबीएफमध्ये ठेवत नाही, त्याच नावाच्या डीबीटी फाइलमध्ये ठेवतो, ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत. दोन्ही फायली एका फोल्डरमध्ये ठेवून मगच उघडा.

कोरडवाहू

मेघाताईंनी पाठवलेल्या आकड्यांचा आलेख काढला. सुंदर काम आहे अण्णांचं. ऑगस्ट १९९६ मध्ये एका पंधरवड्यात अकराच्या अकरा विहिरींचं पाणी वर आलंय, खोल विहिरींचं फुटाहून जास्त. त्या वेळी चांगला पाऊस झालेला दिसतो. भूजल भरण्याचं हे उत्तम उदाहरण म्हणून वापरता येईल.

माणदेशी_मेघा

डीबीटी सापडली. धाकट्याने सरळ इस्कीचा तक्ता लावला, सगळा कचरा. मग आकड्यांची मोजणी केली तर १७६ ते २२३ मधला एकही आकडा फाइलमध्ये नाही! खिळेजुळारी म्हणाले तसाच तक्ता सरकलेला.

अण्णांच्या ट्रंकेत १९९७ चा एक डॉट मॅट्रिक्सचा कागद मिळाला, कडेला भोकं असलेला. त्यावर सहा शेरे छापलेले. तीच नोंद फाइलमध्ये शोधली आणि कागदावरचं अक्षर आणि फाइलमधला आकडा शेजारी शेजारी मांडत गेलो. "विहीर", "पाणी", "मोटर" या तीन शब्दांतच बरीच अक्षरं सुटली. रात्री बारापर्यंत सगळे शेरे मराठीत आले.

कोरडवाहू, हा शेरा तुमच्यासाठी. तारीख १२ ऑगस्ट १९९६:

"अंबाडीची दोरी पोलादी टेपने तपासली. भिजून आखडली आहे. ४० फुटांच्या खुणेला सव्वा फूट कमी भरते. आजपासून नवी नायलॉन दोरी. मागील मापे दुरुस्त करावी लागतील."

कोरडवाहू

म्हणजे पाणी वर आलंच नाही. आधीची सगळी खोली जास्त नोंदली गेली होती. मी उद्या पाणलोटाच्या मुलांना तो आलेख पाठवणार होतो. खिळेजुळारी, तुमचं म्हणणं पटलं.

पण दोरी किती दिवसांत किती आखडली ते कळल्याशिवाय मागची मापं कशी दुरुस्त करायची?

माणदेशी_मेघा

अण्णांना विचारलं. ते म्हणाले, दोरी १९९५ च्या उन्हाळ्यात घेतलेली, त्याआधी दुसरी होती. आणि तीन नंबरच्या विहिरीला आत दगडी पायऱ्या आहेत. पाणी कितव्या पायरीला आहे ते प्रत्येक वेळी शेऱ्यात लिहिलंय. पायऱ्या काही आखडत नाहीत. त्यावरून दोरीची चूक पंधरवड्यागणिक काढता येईल.

कोरडवाहू

अण्णांना माझा नमस्कार सांगा. मी बसतो या कामाला.

आयआरक्यू_पाच

आता मूळ मशीनचं काय? जिस्ट कार्ड पुन्हा चालताना बघायचंय आम्हाला.

पिन_नंबर_एक

बोर्डच्या रेघा साबूत असतील तर चालेल. बॅटरीच्या जागी बाहेरून बॅटरी जोडायची सोय बहुतेक बोर्डांवर असते, चार पिनांची. जुनी डिस्क परत लावू नका. त्या जागी ५१२ एमबीपर्यंतचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आयडीई अ‍ॅडॉप्टरवर लावा, जुन्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) ५०४ एमबीच्या पुढचं दिसत नाही. पण इमेज जशीच्या तशी त्यावर उतरवू नका, दोन्हींची हेड-सेक्टरची मापं वेगळी असतात. फ्लॉपीवरून डॉस चालू करून एफडिस्क करा, फॉरमॅट सी: /एस द्या आणि फायली कॉपी करा. कॉन्फिग डॉट सिसमध्ये ईएमएम३८६ च्या ओळीत एक्स= असं काही असेल तर ते तसंच राहू द्या. एखाद्या कार्डासाठी राखलेली मेमरी असते ती.

माणदेशी_मेघा

तीन आठवड्यांनी लिहितेय. मशीन चालू झालं. मल्टी आय/ओ काढून पुसून बसवलं (अल्कोहोलने, खोडरबराने नाही. भिमाशंकर_ट्रेकर, रागावू नका). जिस्ट कार्ड जिथे होतं तिथेच आहे, त्याचा एकही जंपर हलवला नाही. काल संध्याकाळी डीबेस उघडलं आणि काळ्या पडद्यावर "शेरा" हा शब्द देवनागरीत आला.

अण्णा खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, जुन्या नोंदी वाचतील. त्यांनी नवी नोंद उघडली, विहीर क्रमांक ३, आजची तारीख घातली आणि मला म्हणाले, "दोरी आण."

एकच प्रश्न उरलाय. त्यांना महिन्याचा कागद छापून हवाय. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालू आहे, रिबन वाळलीय. कुठे मिळेल?

खटपट्या

८० कॉलमचा प्रिंटर की १३२? मॉडेल नंबर टाका. उद्या बुधवार पेठेतून बघून येतो.